भाऊजींच्या कुलपाची दुसरी किल्ली

माझ्या भाऊजींना कारखान्यात सगळे 'थांबा' म्हणतात. अगदी तोंडावर. "थांबा आले का?" "थांबांना बोलवा रे कुणीतरी." हजेरीपटावर त्यांचं खरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तेच मागे वळून बघतील, हा कोण नवा माणूस आला म्हणून. कापड रंगवण्याच्या आमच्या कारखान्यात ते बावीस वर्षं वायरमन आहेत. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "थांबा जरा". घाईत असलेल्या माणसाच्या अंगाचा त्या दोन शब्दांनी तिळपापड होतो. आणि मी कायमच घाईत असते.

मी त्यांची मेहुणी, ताईची धाकटी बहीण. त्याच कारखान्यात भांडार सांभाळते. स्क्रूपासून साबणापर्यंत जे काही लागेल ते माझ्या खिडकीतून जातं. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे असा, त्यामुळे भाऊजींचं आणि माझं जमण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आमचं छान जमतं. मी त्यांना टोमणे मारते आणि ते हसतात. याच माणसाचा जीव मी एकदा निव्वळ माझ्या हुशारीपायी धोक्यात घातला. ते सांगायचं तर आधी माणूस सांगायला हवा.

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले ते दारावरची घंटी दुरुस्त करायला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आल्याआल्या त्यांनी पिशवीतून टेस्टर काढला आणि स्वयंपाकघरातल्या चालू प्लगमध्ये घातला. बाबा म्हणाले, "अहो, तो प्लग चांगला आहे. घंटी बिघडलीय." भाऊजी म्हणाले, "प्लग नाही बघत, टेस्टर बघतोय. टेस्टरच मेला असेल तर तो मला सगळीकडे वीज नाही असंच सांगेल." मग मेन बंद करून घंटीच्या वायरी तपासल्या. मग परत स्वयंपाकघर, मेन चालू, टेस्टर अजून जिवंत आहे ना ते पाहायला. बाबांनी डोक्याला हात लावला. घंटीला दोन तास लागले. ते दोन तास ताई बॅटरी धरून स्टुलाशेजारी उभी होती, आणि भर दुपारी उजेड असताना बॅटरी कशाला हवी हे घरात कुणी विचारलं नाही.

लग्नाचं विचारायला मात्र त्यांनी दोन वर्षं घेतली. त्या दोन वर्षांत आमच्या घरातला एकही दिवा, पंखा, इस्त्री बिघडायची राहिली नाही. त्यातलं निम्मं ताईनेच बिघडवलं होतं असा माझा संशय आहे, आणि ताई अजूनही तो नाकारत नाही.

कारखान्यात त्यांचा एक नेम आहे. ज्या यंत्रावर काम करायचं त्याचा खटका पॅनेलमध्ये खाली पाडायचा, खटक्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं, त्यावर 'काम चालू आहे, हात लावू नये' ही पाटी अडकवायची आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवायची. कुलपं मीच त्यांना भांडारातून दिली, दोन. प्रत्येक कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. त्यांनी माझ्यासमोर जादा किल्ली पकडीत धरून वाकवली, मोडली आणि भंगारात टाकली. "एका कुलपाला एकच किल्ली," म्हणाले. मला ते नवी वस्तू मोडल्यासारखं वाटलं. तसं नोंदवहीत लिहायला माझी पेन्सिल धजेना.

आणि मग तो दिवस आला. दुपारी जेवायला ते सायकलने घरी गेले, किल्ली खिशात. जेवण झाल्यावर ताईच्या मिक्सरची वायर तपासत बसले. इकडे काम संपलेलं होतं, फक्त कुलूप काढायचं राहिलं होतं, आणि रंगखात्यातली दोन यंत्रं तासभर ठप्प. मॅनेजरसाहेबांनी मला धारेवर धरलं. "कुलूप भांडारातलं ना? मग किल्ली भांडारात का नाही?" उत्तर नसणं मला अजिबात सहन होत नाही.

पुढच्याच रविवारी मी ताईकडे गेले. भाऊजी आंघोळीला गेले होते आणि त्यांच्या आंघोळीलाही अर्धा तास लागतो. शर्ट खुंटीला होता. मी खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या, कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून तशाच दोन करून घेतल्या आणि ते केस पुसत बाहेर आले तेव्हा मी ताईबरोबर मटार सोलत होते. नव्या किल्ल्या भांडारातल्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. कधीतरी भाऊजी पुन्हा घोळ घालतील, साहेब धावत येतील आणि मी डबा उघडून त्यांना चाट पाडीन, असं मनात होतं.

ती संधी चार महिन्यांनी चालून आली.

कारखान्यातून बाहेर सोडायचं पाणी आधी एका मोठ्या टाकीत येतं. तिथे एक पंप त्यात औषध सोडतो, आणि बाहेरच्या भिंतीवरचं एक यंत्र पाणी सतत मोजत राहतं. आंबटपणा किती, क्षार किती, गढूळपणा किती. आकडे बरोबर आले तरच पाणी बाहेर सोडायचं. ते जुनं यंत्र आदल्या आठवड्यात बंद पडलं होतं आणि नवीन आलं होतं. करड्या रंगाची पेटी, साधारण जेवणाच्या चार खणी डब्याएवढी, समोर छोटा पडदा. साहेबांना ते दुपारपर्यंत चालू हवं होतं, कारण टाकी भरत आली होती.

भाऊजींनी सकाळी साडेआठला पेटी उघडली आणि तिच्याबरोबर आलेली पुस्तिका वाचायला घेतली. पहिल्या पानापासून, एक पान वाचायचं आणि तेवढं काम करायचं. मी पंपाच्या वायरीसाठी राहिलेले ग्लँड घेऊन गेले, म्हणजे वायर पेटीत शिरते त्या भोकात घट्ट बसवायचे ते रबरी कडीचे तुकडे, तेव्हा ते अकराव्या पानावर होते.

"भाऊजी, परीक्षा आहे का?"

"हे बघ, मेहुणीबाई," त्यांनी बोट ठेवलं, "या पेटीत वीज दोन ठिकाणांहून येते. एक पेटीला चालवायला, मोठ्या पॅनेलमधून. दुसरी पंपाच्या पॅनेलमधून. पाणी बिघडलं की ही पेटी पंपाला चालू हो म्हणून सांगते, त्यासाठी पंपाची वायर हिच्या पोटात येते. आता कुणी मोठं पॅनेल बंद केलं, पडदा काळा झाला, आणि त्याला वाटलं वीज गेली. गेली का?"

"नाही."

"मग हात घातला की?"

"कळलं हो. दोन कुलपं लावा."

"लावली. सकाळीच."

मग त्यांनी मला कौतुकाने सगळं दाखवलं. अर्थिंगची हिरवी वायर सगळ्यात आधी जोडली होती आणि ती इतरांपेक्षा बोटभर लांब ठेवली होती. उद्या कुणी केबल ओढलीच, तर बाकीच्या सुटतील आणि ही शेवटी सुटेल. पाण्यात बुडणाऱ्या सेन्सरची बारीक वायर वेगळ्या नळीतून आणली होती, कारण जाड वायरीला खेटून ठेवली तर आकडे नाचतात. वापरात नसलेली दोन भोकं बुचांनी बंद केली होती, पाण्याची वाफ आत जाऊ नये म्हणून. वायरीचं टोक जेवढं सोलायचं तेवढंच सोललेलं, उघडं तांबं कुठे दिसत नव्हतं. काम देखणं होतं, हे मला कबूल करावंच लागलं. पण तेवढ्यात साडेदहा वाजले होते आणि पंपाच्या वायरी जोडायच्या अजून बाकी होत्या.

पावणेबाराला साहेब भांडाराच्या खिडकीत आले. चेहरा लालबुंद.

"औषधाचा पंप बंद का आहे? टाकी काठोकाठ आलीय. औषध पडलं नाही तर पाणी सोडता येणार नाही, आणि सोडलं नाही तर मला रंगखातं थांबवावं लागेल. थांबा कुठे आहेत?"

मी भाऊजींना फोन लावला. उचलला नाही. काम करताना ते फोन पिशवीत ठेवतात, हे मला माहीत होतं. पण तेव्हा मी खिडकीतून समोर बघितलं आणि सायकलींच्या रांगेत त्यांची सायकल नव्हती. त्यांची सायकल नाही म्हणजे ते घरी जेवायला गेले. बावीस वर्षांत याला अपवाद नव्हता. किल्ल्या खिशात घालून स्वारी पुन्हा पानावर बसली आहे, ताईला अजून एक पोळी वाढायला सांगते आहे, हे चित्र मला स्पष्ट दिसलं. सकाळी ताईने बाजारासाठी सायकल ठेवून घेतली होती आणि भाऊजी पायी आले होते, हे मला कोण सांगणार?

"काहीतरी कर," साहेब म्हणाले.

"माझ्याकडे किल्ली आहे," मी म्हणाले. हे वाक्य बोलायची मी चार महिने वाट पाहिली होती.

पंपाच्या पॅनेलपाशी गेले. लाल कुलूप होतं, पाटी होती. पाटीही मीच दिलेली. मी ती वाचली. आजही मला ते आठवतं आणि लाज वाटते, की मी ती नीट, पूर्ण वाचली आणि तरी मनाशी म्हणाले, काम चालू कुठे आहे, काम जेवायला गेलंय. कुलूप उघडलं, खटका वर केला. जुनं यंत्र बंद पडल्यापासून पंप थेट खटक्यावरच चालत होता; तो धडधडायला लागला. मी हात झटकले आणि म्हटलं, आता जरा भिंतीपलीकडे जाऊन पेटीचं काम कुठवर आलंय ते बघून येऊ, साहेबांना सांगायला बरं.

भिंतीला वळसा घातला. भाऊजी पेटीसमोर उभे होते.

त्यांच्या डाव्या हातात टेस्टरच्या दोन दांड्या होत्या आणि टेस्टरचा लाल दिवा लागला होता. उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर, छातीजवळ धरलेला. पेटीच्या पोटात पंपाच्या दोन वायरी सुट्या होत्या, टोकं सोललेली. टेस्टर चिरकत होता. रंगखात्याच्या गोंगाटात तो आवाज मला चार पावलांवर येईपर्यंत ऐकू आला नाही. भाऊजी वायरींकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्यांना कळत नव्हतं. ज्यांना आयुष्यात वायरीतलं सगळं कळलं, त्यांना हे कळत नव्हतं.

मग त्यांनी मान वर केली. माझ्या हातात कुलूप होतं, कुलपात किल्ली.

"तू?" ते म्हणाले.

मी तिथेच पाइपावर बसले. भाऊजी माझ्या हातातून कुलूप घेऊन पॅनेलकडे गेले. पंप थांबल्याचा आवाज आला. परत आले ते कुलूप लावूनच. टेस्टर आधी भिंतीवरच्या चालू प्लगमध्ये घालून बघितला, मग वायरींना लावला, मग पुन्हा प्लगमध्ये. तेच तीन टप्पे, आमच्या स्वयंपाकघरातले. मग स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बसवायला गेले आणि तो बसेना. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"किती आहेत?"

"काय?"

"किल्ल्या."

"दोन. दोन्ही कुलपांच्या."

"अजून नाहीत ना कुणाकडे?"

"नाहीत. ताईची शपथ."

"तिची नको घेऊस," ते म्हणाले.

मी बटणांच्या डब्यापासून किल्लीवाल्यापर्यंत आणि मटारापर्यंत सगळं सांगून टाकलं. मी रडत होते आणि बोलत होते, त्यामुळे अर्धं त्यांना कळलं नसेल. त्यांनी एकच विचारलं, "मी घरी गेलो असं तुला का वाटलं?" मी सायकलीचं सांगितलं. ते थोडंसं हसले. मला ते हसू सहन झालं नाही.

तेवढ्यात साहेब भिंतीला वळसा घालून आले, "अरे, पंप पुन्हा बंद कसा—" म्हणत. भाऊजी उठायच्या आत मी उठले.

"साहेब, कुलूप मी उघडलं होतं. हे आत काम करत होते. पंपाच्या वायरी यांच्यासमोर उघड्या होत्या."

साहेबांनी पेटीत बघितलं, भाऊजींकडे बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मीच म्हणालो होतो हिला," ते पुटपुटले. मग खिशातून फोन काढला आणि रंगखातं थांबवायला सांगितलं. ते तासभर थांबलं. आभाळ कोसळलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. भांडाराच्या खिडकीत ज्या तासाने माझा जीव कासावीस केला होता तो तास लोकांनी चहा पीत घालवला.

एकच्या सुमारास पेटीचा पडदा उजळला. आकडे आधी इकडेतिकडे फिरले, मग स्थिर झाले. भाऊजींनी ते वहीत उतरवून घेतले, दहा मिनिटांनी पुन्हा, आणखी दहा मिनिटांनी पुन्हा. मी जाऊन माझ्या दोन्ही किल्ल्या पकडीने मोडल्या. एक मोडताना बोटाला लागलं, पण तेवढं लागायलाच हवं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं पायीच ताईच्या घरी निघालो. भाऊजी म्हणाले, "ताईला सांगायची गरज नाही. उगाच घाबरेल." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुपारपासून मी मनाची एक समजूत घालून ठेवली होती. भाऊजी हात लावण्याआधी तपासतात. नेहमी तपासतात. म्हणजे मी कितीही मूर्खपणा केला असता तरी त्यांची सवय आडवी आलीच असती. ज्या सवयीची मी वीस वर्षं टर उडवली तिच्याच आधाराने मी रस्ताभर चालत होते.

दार उघडताच ताई कडाडली. "दुपारी जेवायला का नाही आलात? बारापासून ताट वाढून बसले होते मी! पोळ्यांचं पार लाकूड झालं. फोन तरी करायचा!" भाऊजी चपला काढत म्हणाले, "पेटीचं काम होतं." ताई ताट परत गरम करायला वळली आणि मला राहवलं नाही. बारा वाजता ती कशी बसली असेल, दाराकडे बघत, चिडत, हे डोळ्यांसमोर आलं. मी सगळं सांगितलं. भाऊजी मध्येच "अगं—" म्हणाले, पण मी थांबले नाही.

ताईने ऐकून घेतलं. दुपारचं जेवण संध्याकाळी साडेपाचला तिने पाटावर मांडलं, आणि मग भाऊजींना विचारलं, "पण तुम्ही तर आधी तपासून कुलूप लावलं होतं ना? मग पुन्हा टेस्टर का लावलात?"

"मध्ये पाणी प्यायला गेलो होतो. दोन मिनिटं लांब गेलो की मी परत तपासतो."

"वायरी जोडायला घेतल्यावर गेलात?"

"हो. घसा कोरडा पडला होता. पुस्तिका मोठ्याने वाचली ना सकाळी."

ताईने हातातली वाटी ताटाशेजारी ठेवली. मग म्हणाली, "आणि तहान लागली नसती तर?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना येतच नाही. "तर वायर हातात असती," ते म्हणाले.

मी रस्ताभर घातलेली समजूत तिथल्या तिथे संपली. माझ्या भाऊजींना त्यांच्या सवयीने नव्हे, घोटभर पाण्याने वाचवलं होतं. आणि मी खटका वर करून हात झटकले होते.

ताई उठली. ती भाऊजींच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, त्यांचा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. "अगं, जेवू दे की," ते दोनदा म्हणाले. शेवटी ते डाव्या हाताने जेवले, वरण सांडत, भात सांडत. मी समोर बसून राहिले.